राज्यघटनेच्या आडून

मध्यस्थ नवे स्थळ घेऊन बैठकीत टेकले, की हेमांगी आतल्या खोलीत राज्यघटनेचे जाडजूड पुस्तक उघडून बसे. "तिचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे," असे वडील सांगत आणि स्थळ चहा पिऊन परत जाई. लग्न टाळण्याचा याहून निर्वेध उपाय तिला सापडला नव्हता.

मात्र सोंग वठवायचे तर पुस्तक उघडावे लागे, आणि उघडलेले पुस्तक थोडेफार वाचले जाई. व्हायचा तो परिणाम झाला: ती नायब तहसीलदार झाली.

आईने पेढा भरवला. "आता कुठलं कारण सांगशील गं? संध्याकाळी इंजिनिअर येतोय बघायला."

हेमांगीने पेढा सावकाश संपवला, हात पुसले आणि तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडले.

"बाबा, त्यांना सांगा, आता उपजिल्हाधिकारीपदाचा अभ्यास चालू आहे."