खुर्चीचं माप

परतवाड्याहून सागवान आणून गोपालनं अंगणातच झुलती खुर्ची करायला घेतली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, कंबरेपासून मानेपर्यंत त्यानं माझी मापं घेतली. शिंप्याशिवाय माझं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं.

"आई, टेक बरं मांगं. कंबर दुखते काय?"

"थोडीशी दुखते रे," मी म्हणायची, की तो पाठीचा उतार पुन्हा तासायला बसायचा. शेजारच्या नईमाबींना मी दहादा सांगितलं, लेकाला माझी कंबर कळली.

पॉलिश वाळलं. खिडकीजवळची शिलाई मशीन सरकवून मी जागा केली. बाहेर पाहते तर गोपाल खुर्ची टेम्पोत चढवत होता.

"कुठं नेऊन राहिला रे?"


"अकोल्याले, सासूबाईसाठी. त्याईची अंगकाठी तुह्यासारखीच हाये न, आई."