केवलरामचा सवाल

"भैयालालभाऊ, माहा एक सवाल हाय," म्हणत केवलराम गर्दीतून उठला आणि उठता उठता त्यानं सदऱ्याची कॉलर सारखी केली.

रविवारची दुपार होती. भिलाईच्या लेबर कॅम्पात कँटीनपुढे रेल्वेचे स्लीपर रचून मंच केलेला. नागपूरला मेयर असतो मग आपल्याला का नको, असं कुणीतरी थट्टेनं म्हणालं, तेव्हापासून कॅम्पच्या कमिटीचा जो अध्यक्ष होणार त्याला सगळे मेयरच म्हणू लागले होते. उमेदवार दोन. एक टाइम ऑफिसातला कारकून विजयकुमार. केसांना तेल, खिशाला पेन. दुसरा भैयालाल खलाशी, उंचावर लोखंडी गर्डर चढवणारा. आधी दोघांनी बोलायचं आणि मग लोकांनी विचारायचं, असं ठरलेलं.

विजयकुमार कागदावरून बोलला. चांगलं बोलला, पण लोक मध्येच तंबाखू चोळायला लागले. भैयालाल हात मोकळे सोडून उभा राहिला.

"चारशे झोपड्या अन् नळ तीन," तो म्हणाला. "बाया पहाटपासून लाइनीत उभ्या राहून राहिल्या. मले तुमी निवडा का नोका निवडू, पण आधी नळाचं पाहा."

टाळ्या वाजल्या त्या बायकांच्या बाजूनं, आणि वाजतच राहिल्या. तेव्हाच विजयकुमारनं केवलरामकडे पाहिलं.

केवलराम फिटरचा हेल्पर, चौथी पास. एवढ्या शिदोरीवर तो अर्ध्या कॅम्पाची पत्रं वाचायचा. परवा विजयकुमारनं त्याला आपल्या शेजारी खाटेवर बसवून घेतलं होतं. "मी निवडून आलो तर कमिटीचे सेक्रेटरी तुम्हीच, केवलरामजी." आजवर त्याला 'जी' कुणी लावला नव्हता. दोन दिवस तो शब्द त्यानं गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवला.

"तुमी मेयर झाले तर ऑफिसातून कागद येतीन," केवलराम म्हणाला. "हा एक वाचून दाखवा ना लोकाईले."

कागद हातोहात मंचावर गेला. भैयालालनं तो दोन्ही हातांत धरला. याच हातांची दोन बोटं हलली की क्रेनवाला टनावारी लोखंड हवेत जागच्या जागी थांबवायचा. आता त्या बोटभर कागदाची सुलटी बाजू त्याला कळेना. त्यानं कागद पाहिला, उलटून पाहिला आणि मग खाली पाहिलं.

"मले वाचता येत नाई," तो म्हणाला. "माह्या घरचं पत्र तूच वाचून देतं, केवल. तुले तं मालूम हाय."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नुसतं आश्चर्य होतं.

"अंगठेवाला मेयर!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. पगाराच्या दिवशी ज्यांचे अंगठे शाईनं निळे होतात, तेच सगळ्यांत जास्त हसले. विजयकुमार खाली मान घालून पेनचं टोपण लावत बसला. केवलरामलाही हसायचं होतं, ठरवलेलं होतं. पण त्याचे कान तापले आणि तोंड काही हलेना. आपण काय करून बसलो ते त्याला पुरतं कळलं, आणि शरमेनं खाली बसायचंही त्याला सुचलं नाही.

सभा मोडली. गर्दी पांगत असताना भैयालाल मंचावरून उतरला आणि सरळ त्याच्याकडे आला. चार जण पाहायला थांबले. आता थोबाडीत बसणार, असं केवलरामला वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती बसावी असंच त्याला वाटत होतं.

भैयालालनं खिशातून पत्र काढलं.

"काल आलं. तू भेटलाच नाई," तो म्हणाला. "वाच."

केवलरामनं पत्र उघडलं. भैयालालच्या बायकोनं, रंभावहिनींनी सांगितलेलं आणि गावच्या मास्तरांनी लिहिलेलं, नेहमीसारखं. पोरीचा ताप उतरला. शेळी व्याली, दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी. मागची भिंत खचली होती, ती मामांनी सावरली. इकडची काळजी करू नये. "आपण तिकडे मेयरसाठी उभे राहिल्याचे ऐकून साऱ्या आळीला आनंद झाला. मी सगळ्यांना सांगितले आहे." केवलरामनं तिथंच वाचणं थांबवलं. त्यानं पत्राची घडी घालून पुढे केली.

भैयालालनं हात पुढे केला नाही.

"शेवटली ओळ राह्यली."

"नाई भाऊ, झालं. एवढंच हाय."

"दर खेपेले असते."

ती होती. दर पत्रात असायची. आजवर प्रत्येक वेळी केवलरामनं ती आजूबाजूच्या खाटांवर ऐकू जाईल अशी वाचली होती, आणि वाचून झाल्यावर मिशीवरून हात फिरवला होता. त्यानं घडी पुन्हा उलगडली. थांबलेले चार जण तिथंच होते.

"पत्र वाचणाऱ्या भाऊंना," तो पुटपुटला, "रंभाचा नमस्कार."

"जोरानं वाच," भैयालाल म्हणाला. "नेहमी वाचतं तसं."