उचललेला गोटा

गाडी नागपूरकडे निघायची, तेवढ्यात दिव्यानीच्या जॅकेटच्या खिशातून गोटा निघाला. मुठीत मावेल एवढा, काळसर, एका अंगाने चपटा. रुमाल शोधताना तो नीलिमाच्या हाताला लागला.

"घ्या, इथलाही झाला हिचा," ती हसून म्हणाली.

पोरगी सुट्टीला जाईल तिथला एक दगड घरी नेत असे. जर्मनीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कट्ट्यावर रांगच लागली होती, समुद्राचा, डोंगरातला, तळ्याकाठचा. कट्टा पुसताना नीलिमा रोज त्या दगडांच्या नावाने खडे फोडायची, पण टाकून काही द्यायची नाही.

रोशन मात्र हसला नाही. नीलिमाच्या नवऱ्याचा, प्रफुलचा, हा धाकटा भाऊ डिकीत बॅगा लावत होता. त्याचे हात जागीच थांबले.

"कुठून आणला गं बेटा हा?"

"आजीच्या इथून," दिव्यानी म्हणाली.

आदल्या दिवशी प्रफुल सगळ्यांना घेऊन जंगलातल्या रस्त्याकडेच्या त्या ढिगाऱ्यापाशी गेला होता. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या मायला, कमळाबाईला, वाघाने तिथेच धरले. त्याला तिकीट मिळेपर्यंत इथे सगळे आटोपले होते. तेव्हापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथे एक गोटा ठेवतो. त्यामुळे मेलेले माणूस जागच्या जागी राहते, कोणाच्या मागे लागत नाही. प्रफुलनेही ठेवला होता. पोरीला फक्त 'ही आजीची जागा' एवढेच सांगितले होते. आजी आजारी पडून गेली, असेच तिला माहीत होते. सगळे ठेवत असताना हिने उचलला.

"अरे, लहान आहे ती. तिला काय कळतं?"

"तिले नाई कळत, दादा. तुले त कळते ना?" नीलिमा पोरीला गाडीत बसवेपर्यंत रोशन थांबला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "वाघानं मारलेलं माणूस एकटं नाई फिरत. त्या वाघाच्याच पाठीवर बसते, अन् त्याले वाट दाखवते. माय निघाली का तोही निघाला. रस्त्यातच आहे जागा, जाता जाता ठेवून दे."

"ठेवतो," प्रफुल म्हणाला.

गाडीत तो गोटा मुठीत धरून बसला. दर रविवारी मायचा फोन यायचा, आणि शेवटी तिचे एकच पालुपद असायचे. "मले नेजो बा एक डाव तिकडं. तुमचं बरफ पाहतो म्या." तो म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. तिच्यासाठी घेतलेली लोकरीची टोपी अजून कपाटात होती, दुकानाची चिठ्ठीही न काढलेली. ती टोपी आठवली आणि त्याला एकदम भडभडून आले.

उन्हे कलली होती. ढिगाऱ्यापाशी रोशनने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केले नाही. प्रफुल उतरला. सागाची वाळकी पाने पायाखाली करकरली. ढिगाऱ्यावरचे गोटे हाताला गार लागत होते. मुठीतला तेवढा ऊबदार होता. आपल्याच हाताची ऊब, त्याने स्वतःला समजावले.

तो वाकला, पण मूठ काही उघडेना. मग त्याने दुसऱ्या हाताने पायाशी पडलेला एक भलताच गोटा उचलला आणि रोशनला ऐकू जाईल असा खण्णकन ढिगाऱ्यावर ठेवला. मायचा गोटा कोटाच्या खिशात गेला.

"चल माय," तो पुटपुटला. एसटीची वेळ झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला म्हणावे, तसे.

गाडी हलली. थोडे पुढे गेल्यावर डाव्या अंगाच्या बांबूत चितळ ओरडले, वाघाची चाहूल लागल्यावर ओरडते तसे. रोशनने मान वळवली. वळण घेतले आणि परत ओरडले, गाडीच्या अगदी बरोबरीने. मग झाडांवरची वानरे खाकरू लागली. एक टोळी गप्प झाली की पुढची सुरू व्हायची.

"काऊन बोलून राह्यले हे सारे?" रोशन स्वतःशीच म्हणाला. मग आरशात मागचा रस्ता बघून, "दादा, ठेवला ना गोटा?"

"ठेवला." तसे बघायला गेले तर ते खोटेही नव्हते.

पुढच्या गावात रस्त्यावर लोळणारी कुत्री उठली. गाडीवर धावून जायचे सोडून ती शेपट्या घालून घराच्या ओट्यांखाली शिरली. भुंकले एकही नाही. रोशनने गाडी आणखी जोरात काढली. "मूल गाव येऊ दे एकदाचं," तो म्हणाला. प्रफुलने खिशावर हात ठेवला. गोटा आता चांगलाच तापला होता. काच खाली करून तो भिरकावून द्यावा असे त्याला वाटले, आणि हात नुसताच खिशावर दाबला गेला.

मागच्या सीटवर दिव्यानी गुडघ्यांवर उभी राहून मागच्या काचेतून हात हलवत होती.

"कुणाला टाटा करतेस गं?" नीलिमाने विचारले.

"आजीला. ती येतेय ना आपल्यामागे."

नीलिमाने तिला जवळ ओढले. "वेडाबाई, इतक्या जोरात पळेल का आजी?"

"पळत नाही काही," दिव्यानी हात हलवतच म्हणाली. "बसलीये ती."