दोनाविरुद्ध एक

पाणबुडीने खोल पाण्यात जोरात वळण घेतलं की भोवतीचं पाणी कसं वागेल, हे सांगणारी तीन मॉडेल्स पडद्यावर शेजारी शेजारी चालू होती. पहिल्या दोन्हींत पाणी निमूटपणे शेपटीकडे जात होतं. तिसऱ्यात पाणबुडीच्या पाठीवरच्या मनोऱ्यामागे भोवरा सुटत होता आणि शेपूट खाली ओढत होता.

"तिसरं वगळ," विभागप्रमुख म्हणाले. "दोनाविरुद्ध एक आहे."

"सर, पहिली दोन्ही एकाच गृहीतकावर उभी आहेत. सख्खे भाऊ एकमेकांची बाजू घेणारच," पडद्यासमोर बसलेली तरुण अभियंता म्हणाली.

मागे कोणीतरी हसलं. प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. "अगं, किती ताणशील? तुझे बाबा याच खुर्चीत बसायचे. ते कधी असे अडून बसले नाहीत."

तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही.

"नाही बसले. मागच्या पाणबुडीच्या वेळी तुम्ही तिसरं वगळा म्हणालात, त्यांनी वगळलं. पहिल्या चाचणीला विश्वासाने स्वतः आत जाऊन बसले. त्या पाणबुडीतून कोणीच वर आलं नाही, सर."