भिंतीवरची डबी

"आता पुन्हा एक जरी तक्रार आली ना, तर तुमचं काम बंद," मॅनेजर म्हणाला. "मी दुसरा मेकॅनिक बघतो."

या ऑफिसच्या तीन मजल्यांवर एसी मेकॅनिकचं घर चालत होतं. बाकीची कामं म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर.

बरं, यंत्रात काही बिघाड असता तर गोष्ट वेगळी. बिघाड होता दोन माणसांत. हिशेबाच्या टेबलावरच्या बाईंना सगळे हुडहुडी म्हणायचे आणि विक्रीच्या टेबलावरच्या जाडजूड गृहस्थांना भट्टी. भिंतीवर तापमानाची डबी एकच. बाई ती एकीकडे फिरवायच्या, गृहस्थ दुसरीकडे. काल तर दोघांनी एकदमच हात घातला आणि डबीचं बटण भट्टीच्या मुठीत आलं.

"साहेब, एक सांगू?" मेकॅनिक म्हणाला. कामावर गदा आली तरी माहिती सांगायची खोड काही जात नाही. "हा जो आजचा एसी आहे ना, तो मुळात माणसांसाठी नव्हताच. छापखान्यातल्या कागदासाठी होता. दमट हवेने कागद फुगायचा, रंग इकडचे तिकडे व्हायचे."

"कागद बरा. तोंड उघडत नाही."

"तेच तर! पुढे माणसं आली आणि मागोमाग भांडणं. मग कित्येक ऑफिसांत काय केलं, माहितीये? भिंतीवर डबी लावली, पण तिला वायरच जोडली नाही. फिरवा म्हणावं हवी तशी. स्वतःच्या हाताने फिरवलं की माणसाला बरं वाटतं."

मॅनेजर पुढे झुकला. "काहीतरीच काय?"

"अहो खरंच. लिफ्टमधलं दार लावायचं बटणसुद्धा कित्येक ठिकाणी नुसतं शोभेचं असतं."

मॅनेजरने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. रोज सकाळी तो ते बटण जीव खाऊन दाबायचा.

दुपारपर्यंत दोन नव्या डब्या लागल्या, दोन टेबलांपाशी. खरी डबी मॅनेजरच्या कपाटात गेली. हुडहुडीने आपली डबी फिरवली आणि पाच मिनिटांत शाल काढून ठेवली. भट्टीने आपली फिरवली, कॉलर सैल केली आणि म्हणाला, "हां! आत्ता कसं गार वाटतंय!"

"पण हवा तर तीच आहे," मॅनेजर कुजबुजला.

"गार वाटलं ना? मग झालं!" मेकॅनिक म्हणाला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं साभिनय सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ती पोट धरून हसली.

"बिचारे! पण त्यांना कळलं म्हणजे?"

"कळतंय कसलं! स्वतःच्या हातावर कोण संशय घेतो?"

बोलता बोलता तो उठला आणि घरातली डबी फिरवली. टक्. एका ऑफिसातून काढलेला जुना एसी त्याने घरी बसवला होता, भिंतीवरच्या डबीसकट. पूर्वी या डबीवरून घरात रोज महाभारत व्हायचं. एकदा तर बायको बॅग भरून माहेरी निघाली होती. पण गेल्या उन्हाळ्यात मेव्हण्याने घराला रंग काढून दिला, घर उजळलं आणि बायकोही शहाणी झाली. विजेचं बिलसुद्धा उतरलं. आपण यंत्र साफ केलं म्हणूनच, हे मेकॅनिक येईल-जाईल त्याला सांगायचा.

"अहो, जरा कमी करा ना, गारठले मी," बायको म्हणाली. तिने शाल ओढून घेतली आणि दूध बघायला स्वयंपाकघरात गेली. आतून कपाटाचं दार वाजलं. रोज असंच व्हायचं.

"हां, आत्ता!" म्हणत मेकॅनिकने पाय पसरले.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. डब्यांचं कौतुक मालकांच्या कानावर गेलं होतं आणि आता त्यांनाही केबिनमध्ये एक हवी होती. उद्या सकाळी ते यायच्या आत लागली पाहिजे, नाहीतर वर्षाचं काम दुसऱ्याला.

उद्या बाजार बंद. डबी आणायची कुठून? मेकॅनिकने कपाळाला हात लावला. मग त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला.

बायको धावत बाहेर आली. "ती नको हो! आपल्याला उकडेल!"

"आत्ता तर गारठली होतीस!"

तिने शाल आणखी घट्ट लपेटून घेतली.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. पोटावर पाय येतोय माझ्या," तो म्हणाला. त्याने एसीचा मेन बंद केला, रबरी हातमोजे चढवले, पायाखाली लाकडी पाट घेतला. "लांब उभी राहा. वायरीशी खेळ आहे, शॉक बसेल."

बायको लांब उभी राहिली.

त्याने सगळे स्क्रू काढले आणि डबी अलगद ओढली. ती लगेच हातात आली. मागे वायर नव्हती. वायरीचं भोकसुद्धा नव्हतं. मेव्हण्याने दिलेला रंग तेवढा होता, छान गुळगुळीत.

बायकोने अंगावरची शाल काढली आणि शांतपणे तिची घडी घातली.

"गार वाटत होतं ना?" ती म्हणाली. "मग झालं!"