भांगाच्या दिवशी उधाण

"मेल्या, भिकाऱ्याला लांबून भाकरी दाखवावी तसं काय दाखवतोस? हातात दे की फोन!"

रंभाबाईंचा आवाज सातव्या मजल्यावरून खाली वर्तकनगरच्या रस्त्यावर पोचला असेल. विकीची ही तऱ्हा आठ दिवस चालली होती. फोन आईच्या नाकासमोर धरायचा, चार पाखरं दाखवायची, की लगेच खिशात.

आधी असं नव्हतं. रंभाबाईंचे गुडघे गेले, खाडीवरच्या मिठागरावर जाणं सुटलं, तेव्हा विकीनेच तो उडता भुंगा विकत आणला होता. ड्रोन म्हणे. "आये, तू पलंगावर बस. तुझ्या शेकाट्या मी घरी आणतो." तिथं ड्रोनला बंदी होती, अभयारण्याची पाटीही होती. विकी म्हणाला, "आपल्या मिठागरावर आपल्याला कोण अडवतंय?" रंभाबाईंना ते पटलं.

शेकाट्या म्हणजे लाल काटकुळ्या पायांची पाखरं. दर वैशाखात त्या बंद पडलेल्या मिठागरातल्या एका बुटक्या बांधावर अंडी घालायच्या. मिठागर चालू होतं तेव्हा अंडी असेपर्यंत रंभाबाईंचे यजमान धोंडिबा त्या बाजूचं मीठ ओढत नसत. मालकाच्या शिव्या खात, पण ओढत नसत. तो बांध त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितला नाही. ते गेले, आणि रंभाबाईंनी तो लेकाला सांगितला. "कोणाला दाखवू नको, माझी आण हाय तुला."

भुंगा खाली उतरला की पाखरं एकदम उठायची, ओरडत थेट फोनच्या काचेवर यायची. रंभाबाई हरखून जायच्या. "बघ, वळखतात रे मला! अजून खाली ने."

आज मात्र त्यांनी फोन हिसकावूनच घेतला.

"कधीचं हाय?"

"आज सकाळचं, आये."

पाखरं होती. अंडी होती. मग रंभाबाईंची नजर मागच्या खाडीवर गेली. पाणी काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या शेंड्यांना टेकलं होतं.

रंभाबाईंची शाळा दुसरीपर्यंतची. पण जन्म मिठागरात गेलेला. तिथी सांगा, खाडीचं पाणी कुठवर चढेल ते त्या घरात बसून सांगायच्या. पुनवेला, अवसेला उधाण. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी धड तिवरांच्या गुडघ्यालाही लागत नाही.

"विकी, आज अष्टमी. भांगाच्या दिवशी एवढं पानी कुठून आणलंस?"

विकीने फोन परत घ्यायला हात पुढे केला. रंभाबाईंनी दिला नाही.

"पुनवेचं हाय हे. आठ दिवस मला शिळं वाढतोस. आजची पाखरं कुठं हायेत?"

"नाय राहिली, आये."

मग सगळंच सांडलं. पुनवेचा व्हिडिओ त्याने नेटवर टाकला होता, जागेच्या नावासकट. लाखभर लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी कल्याण-डोंबिवलीची पोरं आली. बांधावर एकाच वेळी पाच ड्रोन, दुपारभर.

"तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय."

रंभाबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. शेकाटी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तिला दुपारभर खालीच उतरू दिलं नाही, तर वैशाखाचं ऊन अंडी शिजवून टाकतं. पाखरं फोनच्या काचेवर येऊन काय ओरडत होती, ते त्यांना आत्ता कळलं. आणि आपण म्हणत होतो, अजून खाली ने.

परवा वनखात्याचा साईनाथ दारात आला होता. लिफ्ट बंद, सात मजले चढून, धापा टाकत. अभयारण्यात ड्रोन कोणी नेला, बांध कोणी दाखवला, एवढंच विचारत होता बिचारा. रंभाबाईंनी त्याला उंबऱ्यातच सोलून काढलं. "माझ्या घरात पाखरांचा वैरी शोधतोस? धोंडिबाची शपथ घेऊन सांगते, ह्या घरातलं कोणी नाय!" विकी तेव्हा त्यांच्या मागेच उभा होता. साईनाथ वळल्यावर दार त्यानेच लावलं.

रंभाबाईंनी फोन लेकाच्या हातात परत ठेवला.

"मेलेल्या नवऱ्याची खोटी शपथ घेतली मी, आणि तू माझ्या पाठीमागं उभा राहून ऐकलीस. लाव त्या साईनाथाला फोन. बांध दाखवणारी म्हणून पहिलं नाव मी माझं सांगते, मग तुझं तू सांग. पुढं बापाचं नाव विचारलं, तर मात्र गप्प राहा. गप्प राहायला तुला चांगलं जमतं."