दळलेला शब्द

कुडाळच्या स्मृतिकेंद्रात केळुसकरकाकांनी आजचा शब्द टाइप केला. दिवसाला एकच संधी मिळते. पडद्यावर उत्तर आलं: जुळत नाही.

विसरण्याचा आजार बळावण्याआधी त्यांनी बायकोच्या सगळ्या आठवणी इथे कुलूपबंद केल्या होत्या. आता तिचा चेहरा आठवत नव्हता आणि पासवर्डही.

"तुमच्याकडे नोंद असेलच की," ते काउंटरवरच्या अर्पिताला म्हणाले.

"नाही काका. आम्ही शब्द जसाच्या तसा ठेवत नाही, दळून ठेवतो. पिठाचे परत तांदूळ होत नाहीत. तुम्ही टाकलेला शब्दही तसाच दळायचा आणि पीठ ताडून बघायचं, एवढंच."

"असला नियम केला कुणी?"

अर्पिताने रोजच्यासारखं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. काकांनी चष्मा लावून नियमाखालची, केंद्राच्या संस्थापकाची सही वाचली. ती त्यांचीच होती.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे माझ्या बायकोच्या आठवणी दुसऱ्या कुणालाही बघता आलेल्या नाहीत," ते म्हणाले. "बरोबर केलं मी."

मग वहीतल्या दोनशे अकराव्या शब्दावर काट मारून त्यांनी खाली उद्याचा शब्द लिहिला. सही कुणाची, ते उद्या पुन्हा विचारता येणार होतं. शब्द विसरून चालणार नव्हतं.